टिटवीच्या पिलाचा पहिला शब्द

जंगलात राजा निवडायचा होता, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठी एक टिटवी अंडी उबवत होती. तिला वाघ राजा हवा होता. पैलतीराच्या झाडीतून कुणी "हत्तीच राजा!" असं ओरडलं, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अंड्यांवर बसूनच ती दिवसभर किंचाळायची, "गप्प बस, गद्दारा!"

एके सकाळी एक अंडं तडकलं. टिटवीने मायेने मान वाकवली. ओल्या पिलाने चोच उघडली आणि तिच्याकडे बघत म्हटलं, "गद्दारा!"

टिटवी थिजलीच. "अरे, मी तुझी आई आहे रे!"

तेवढ्यात पलीकडून पुन्हा आरोळी आली. तिच्या गळ्याशी शब्द आले, पण तिने ते गिळले. मग उरलेल्या अंड्याला चोच लावून ती हळूच म्हणाली, "बाळा, बाहेर छान ऊन पडलंय."