अर्गलेचे दार

एका राज्यात, जिथे नद्या तांबड्या वाहत, शोणभद्र नावाचा राजा होता. त्याचे रक्षक नदीतूनच गस्त घालत. प्रत्येकाच्या छातीत एक महाल असे, आणि नवल असे की सगळ्यांच्या छातीत तोच महाल. एकाच्या छातीतून आत शिरले की सगळ्यांच्या छातीत पोचता येई. महालाला हजारो दारे, आणि दारांपाशी द्वारपालिका. शत्रू आल्याची हाक ऐकू आली की जिचे दार, ती उठून त्यावर हात ठेवी. हात असेपर्यंत दार उघडे, हात काढला की बंद. एका दारातून बाण निघत, एकातून जाळी, एकातून शत्रूच्या चेहऱ्याची आठवण. कोणती दारे उघडी आहेत, त्यावरून रक्षक तिरंदाज व्हायचा की टेहळ्या, ते ठरे.

शेवटच्या दालनात अर्गला नावाची द्वारपालिका होती. तिचे काम उलटे. क्रोधाच्या दाराला पाठ लावून ते मिटलेले ठेवायचे. तिकडे कोणी फिरकत नसे. तिचे काम नीट झाले की काहीच घडत नसे, आणि काही न घडल्याची दवंडी कोण पिटतो? ती फार एकटी होती.

एकदा राजा महाल पाहायला आला. बाण पाहून खूश झाला, जाळी पाहून खूश झाला. अर्गलेला त्याने विचारले, तू काय करतेस? ती म्हणाली, बसते.

"बसून खाणारे आम्हांला नकोत," राजा म्हणाला. "तू जा."

महाल बांधणाऱ्या मांत्रिकाने राजाच्या आजोबांना बजावले होते, की हिची पाठ दारावरून उठेल त्या दिवशी तुमचेच तुम्हांला ओळखणार नाहीत. पण आजोबांचे बोल नातवाला कुठून आठवणार? अर्गला उठून गेली. थांब म्हणणारेही कोणी नव्हते.

दार उघडले, आणि रक्षक आपल्याच मधुबनावर चालून गेले. राज्याला गोडवा पुरवणारे मधपाल पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत. राजाची एकुलती लेक सुवेणी तिथेच नांदत होती. रक्षकांनी मधाची पोळी जाळली आणि तिच्या घराला वेढा घातला. राजाने धावत येऊन आपले नाव सांगितले, तर त्यांनी त्याच्यावरच बाण रोखले.

तेव्हा एक साळुंकी बोलली. "राजा, कृत्ये तीन. आपल्या सैन्यातून निःशस्त्र जा. द्वारपालिकांना हात काढायला विनव. मी अर्गलेला शोधून आणीन, तोवर तिच्या जागी बस."

राजाने मुकुट ठेवला, तलवार ठेवली. खांद्यात बाण घेऊन तो एका रक्षकाच्या छातीत शिरला. दुसरे कृत्य त्याला साधले नाही. द्वारपालिका म्हणाल्या, हाक त्या शेवटच्या दारातून येते आहे. ती थांबल्याशिवाय आमचे हात निघणार नाहीत.

मग राजा त्या दाराला पाठ लावून बसला. दारावरची नक्षी त्याच्या पाठीत रुतली. दार पुरते मिटेना, पण अर्धे लोटले गेले. फट वाढू नये म्हणून तो पाय रोवून राहिला. कोणी आले नाही. कोणी पाणी विचारले नाही. एवढ्या प्रजेचा धनी, पण असे एकटेपण त्याला ठाऊक नव्हते. लेकीच्या काळजीने तो रडला, आणि मग अर्गलेसाठीही रडला.

अर्गला दूरच्या काठावर साळुंकीला सापडली. तिथेही ती एकटीच होती, आणि तिच्या पाठीला थंडी वाजत होती. ती आली.

"मी तुला बसून खाणारी म्हणालो," राजा म्हणाला.

"सरका, महाराज. हे दार माझ्या पाठीचे आहे."

ती टेकली. नक्षीची रेघ न्‌ रेघ तिच्या पाठीशी जुळली आणि दार मिटले. हाक थांबली, आतले हात निघाले. बाहेर रक्षक झोपेतून उठल्यासारखे जळक्या पोळ्यांत उभे राहिले. सुवेणी वाचली. अर्धे मधुबन गेले ते गेलेच.

राजाने तिला माग म्हटले. ती म्हणाली, कधीतरी कोणी येऊन विचारावे, आज काय घडले.

तेव्हापासून राजा रोज सांजेला जातो आणि विचारतो.

"काही नाही, महाराज," ती म्हणते. आणि राजा तिच्यापुढे माथा टेकवतो.

ते राज्य शोधायला लांब जाऊ नका. मनगटावर बोट ठेवा, तांबडी नदी लागेल. आत अर्गला बसलेली आहे. आज काही घडले नसेल, तर ते तिने केले.