कानोजी सशाची वर्गवारी

जंगलात मोबाइल नुकतेच आले होते, त्या काळची ही गोष्ट. बिबट्याने ओढ्याकाठी खानावळ काढली आणि मोबाइलवरच्या मेनूची वर्गवारी करायला कानोजी सशाला ठेवून घेतलं. "तुला अभय आहे," बिबट्या म्हणाला. "तू फक्त नावं नीट लाव."

कानोजी मन लावून कामाला लागला. रस्सा एकीकडे, भाजलेलं दुसरीकडे. 'पाखरं' या भागात त्याने तितराचं नाव टाकलं, तेव्हा शेजारची तितरी धावत आली.

"कानोजीभाऊ, आमचं नाव काढा हो! घरात पिल्लं आहेत."

"वहिनी, मी कुणाला मारतो का? मी नुसती नावं लावतो," कानोजी म्हणाला, पण त्याला मान वर करवेना.

दिवस कलताना बिबट्या डोकावला. "झकास! आता आणखी एक भाग उघड. वर लिही, 'लांब कानांचे'."

कानोजीने आपले लांब कान पाठीशी दुमडले. "महाराज, त्यात काय टाकायचं?"

"ते जेवायला बसलो की सांगतो," असं म्हणून बिबट्या मिशा चाटत ओढ्याकडे गेला.

कानोजी धडपडत तितरीच्या दारात पोचला. "वहिनी, पिल्लांना घ्या. आत्ताच निघायचंय."

"आमचं नाव काढलंत?"

"काढून उपयोग नाही. सगळी नावं मीच त्याला नीट लावून दिली आहेत."

तितरीने सर्वांत लहान पिल्लू त्याच्या पाठीवर बसवलं आणि सगळे उंच गवतात शिरले. मागे खानावळीचं दार करकरलं.