आंबेखारची सुंबुलबाय आणि तिच्या नानीचे बोल

फार फार वर्षांपूर्वी, आंबेखारच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर तरीची, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीची, वाट बघत बसावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. ती तर चालवायची सुंबुल नावाची बाई. गाव तिला सुंबुलबाय म्हणायचं. उंच, काळीभोर, कुरळ्या केसांची. ती हबशी होती. तिची नानी लहान मुलगी असताना समुद्रापलीकडच्या मुलखातून, ज्याला आपण आफ्रिका म्हणतो तिथून, गलबतात कोंडून इकडे आणली गेली होती. बंदरावर उतरवलं तेव्हा तिच्या गळ्यातले मणी काढून घेतले, अंगावरचं कापड काढून घेतलं, तिचं नावसुद्धा बदललं. पण कानात जे होतं ते कुणाला काढून घेता आलं नाही. तिच्या माणसांचे जुने बोल तिच्या कानात होते. शेतावर, चुलीपाशी, झाडाखाली बसून मोठी माणसं जे बोल बोलायची, ते सगळे.

नानीने ते बोल सुंबुलला दिले. दळताना दिले, मासे साफ करताना दिले. नानी गेली तेव्हा मागे एक फाटकी गोधडी राहिली आणि हे बोल राहिले. असं म्हणतात की ते सात वीस, म्हणजे एकशे चाळीस होते. कुणी म्हणतात त्याहून जास्त.

सुंबुल लग्न होऊन आंबेखारला आली. तिचा नवरा रेहान तर चालवायचा. दोघांचं घर धक्क्याजवळ, वरच्या पाड्यातही नाही आणि खालच्या पाड्यातही नाही. वरच्या पाड्यात आगरी शेतकरी राहायचे, खालच्या पाड्यात कोळी. मधे भातखाचरं, आणि खाचरांना खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखणारा मातीचा लांब बांध.

रेहान गेल्यावर वल्हं सुंबुलच्या हातात आलं. तो कसा गेला ते पुढे येईलच. आधी लोक तिच्या होडीत बसायला बिचकायचे. मग एक दिवस पोशी नावाची नवी नवरी कपड्यांचं बोचकं घेऊन धक्क्यावर आली आणि रडत रडत म्हणाली, "मला पलीकडे सोड. माहेरी जायचंय."

सुंबुलने तिला होडीत घेतलं. खाडीच्या मधोमध गेल्यावर वल्हं आडवं ठेवलं.

"काय झालं?"

"सासू चुलीला हात लावू देत नाय. रोज मीच उष्टी भांडी घासायची."

सुंबुलने नानीच्या भाषेत एक बोल म्हटला. मग तोच आपल्या भाषेत सांगितला. तो बोल चुलीबद्दल होता एवढंच पोशीला पुढे आठवायचं. मग सुंबुलने विचारलं, "तिला काय चांगलं येतं रांधायला?"

"जवळ्याची चटनी," पोशी नाक पुसत म्हणाली. "तशी कुनाला येत नाय."

"तिला कधी म्हणालीस, मला शिकवा म्हणून?"

होडी नुसती डुलत राहिली. मग पोशी म्हणाली, "फिरव मागं." त्या संध्याकाळी ती सासूजवळ बसली आणि चटणी कशी करायची ते विचारलं. आठ दिवसांनी सासूने पळी तिच्या हातात दिली आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसली.

ही गोष्ट गावभर झाली. मग लोक काम नसतानाही तरीवर येऊ लागले. कोळ्यांचे दोन भाऊ आले, त्यांना बापाचं जाळं वाटून घ्यायचं होतं. सुंबुलने त्यांना वाळवीबद्दलचा एक बोल सांगितला आणि म्हणाली, "फाटकं जाळं कसं वाटणार? आधी एका जागी बसून दोघं विणा." ते विणायला बसले. शिमगा आला तरी विणतच होते, आणि तोवर वाटणीचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. कुणाचा मुलगा ऐकत नसे, कुणाची म्हातारी आई जेवत नसे, कुणाला शेजाऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे. प्रत्येकासाठी नानीच्या मुलखातला एक बोल निघायचा. हत्तींचा, पावसाचा, आंधळ्या म्हाताऱ्याचा, आगीवरच्या मडक्याचा. सुंबुल बोल सांगायची आणि गप्प व्हायची. होडी काठाला लागेपर्यंत माणसाला आपलं आपण कळायचं.

आज त्यातला एकही बोल शब्दाला शब्द कुणाला येत नाही. लोकांनी ते ऐकून काय केलं तेवढं गावाला आठवतं.

पण एक माणूस तिच्या होडीत कधी बसला नाही. वरच्या पाड्याचा हिरोजी पाटील. त्याला पलीकडच्या बाजाराला जायचं असलं की तो तीन कोस चालत, वरच्या उतारावरून, जिथे पाणी उथळ होतं, खाडी ओलांडून जायचा. कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर आणायचं नाही.

बारा वर्षांपूर्वी बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली होती. रेहानला ती पहिल्यांदा दिसली. त्याने पाटलाकडे निरोप धाडला, माणसं पाठवा. पाटील म्हणाला, मासे धरायला बांध कोळ्यांनी कोरला, बुजवू दे त्यांनाच. कोळ्यांचा पुढारी धाकू नाखवा म्हणाला, भात आगऱ्यांचं, बांध आगऱ्यांचा, आम्ही का जावं? रेहान एकटा टोपली घेऊन पाण्यात उतरला. खांड त्याने बुजवली. पण शेवटच्या टोपलीला त्याचा पाय सुटला. तिसऱ्या दिवशी तो तिवरांच्या झाडीत सापडला.

तेव्हापासून वरचा पाडा आणि खालचा पाडा एकमेकांच्या लग्नालाही जात नव्हते. आणि सुंबुल हिरोजी पाटलाशी एक अक्षर बोलली नव्हती. सगळ्यांना बोल सांगायची. पण नानीने दिलेला एक बोल होता, वैर धरलेल्या माणसाकडे आधी कुणी जायचं याचा. तो तिने बारा वर्षांत कुणालाही सांगितला नाही. मनातल्या मनातही म्हटला नाही. तो आठवला की ती जोरजोरात वल्हं मारायची.

मग ती भादव्याची अमावास्या आली. भात पोटरीला आलं होतं. सकाळपासून पश्चिमेचा वारा, आणि भर दुपारी उधाण. पाणी वाढता वाढता बांधाच्या माथ्याला लागलं, आणि ज्या जागी रेहानने खांड बुजवली होती, नेमकी तिथेच माती ढासळली. आधी हातभर, मग माणूसभर. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की तीन वर्षं भात नाही, आणि त्या खाचरांच्या टोकालाच दोन्ही पाड्यांचं पिण्याच्या पाण्याचं तळं होतं.

वरच्या पाड्याची माणसं टोपल्या घेऊन धावली. खालच्या पाड्याचीही आली. पण खांडीच्या अलीकडे एक घोळका थांबला, पलीकडे दुसरा. हे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ते यांच्या. आणि म्हातारा हिरोजी पाटील कुणाशी न बोलता एकटाच टोपली डोक्यावर घेऊन पाण्यात उतरला.

सुंबुल होडीत होती. पोशी तिच्यासोबत होती, माहेराहून परत येत होती. आता ती चार मुलांची आई झाली होती. दोघींनी ते पाहिलं. तीच जागा, तसाच एकटा माणूस, तशीच टोपली. सुंबुलने वल्हं थांबवलं. तिच्या मनात आलं, जाऊ दे. तो गेला तर जाऊ दे. पाटलाला पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. सुंबुल बघत राहिली.

पोशी हळूच म्हणाली, "बाय, त्या दिवशी तू मला परत धाडलंस. तुला कोन धाडनार?"

असं म्हणतात की तेव्हा सुंबुलच्या तोंडून तो बारा वर्षं न बोललेला बोल आपोआप बाहेर पडला, नानीच्या भाषेत, आणि तिला तो स्वतःच्या आवाजात ऐकू आलाच नाही. नानीच्याच आवाजात ऐकू आला. तिने होडीचं तोंड खांडीकडे वळवलं. आधी पोशीला बांधावर उतरवलं. मग प्रवाहात घुसली, पाटलाच्या दंडाला धरून त्याला वर ओढलं आणि बांधाच्या कडेला सोडलं.

"पाटील, बाजूला व्हा. होडी आडवी घालतेय."

बारा वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती. पाटील धापा टाकत म्हणाला, "होडी जाईल तुझी. रेहानची होडी ती."

"जाऊ दे. मातीच्या टोपल्या सुरू करा. पण या ओढीत एकटा माणूस टिकत नाही, एका टोपलीला दोघं लावा. एक तुमचा, एक धाकूचा. एकट्याने कुणी पाण्यात उतरायचं नाही."

पाटलाने वळून पलीकडच्या काठाकडे पाहिलं. धाकू नाखवा तिथे उभा होता. पाटलाने आपली रिकामी टोपली उचलली आणि तिची एक कड त्याच्या दिशेने पुढे केली. धाकू खाचराच्या बाजूच्या उथळ पाण्यातून कमरेएवढा भिजत आला आणि दुसरी कड धरली.

सुंबुलने होडी खांडीत आडवी बसवली आणि होडीतल्याच कुऱ्हाडीने तिचा तळ फोडला. होडी कण्हल्यासारखा आवाज करत खाली बसली. मग माती येऊ लागली. आगरी आणि कोळी, बायका आणि बापे, ज्यांनी बारा वर्षं एकमेकांच्या दारचं पाणी घेतलं नव्हतं, त्यांनी एकेका टोपलीच्या दोन दोन कडा धरल्या होत्या. सुंबुल होडीतच उभी होती, छातीपर्यंत पाण्यात, वल्हं चिखलात रोवून, आणि नानीचे बोल एकामागून एक मोठ्याने म्हणत होती. असं म्हणतात की ती बोलत होती तोवर पाणी बोटभरही चढलं नाही. वारा होता, लाटा होत्या, पण पाणी तिच्या खांद्याखाली उभं राहिलं, ऐकत असल्यासारखं. शेवटचा बोल संपला तेव्हा होडी मातीने काठोकाठ भरली होती आणि ओहोटी लागली होती.

सगळी माणसं बांधावर बसली, चिखलाने अशी माखलेली की कोण कुठल्या पाड्याचा ते ओळखू येत नव्हतं. पाटील सुंबुलपासून थोडा दूर बसला. हातांचा चिखल निपटत म्हणाला, "त्या दिवशी निरोप आला, तेव्हा कोळ्यांचं नाव पुढं केलं मी."

"ठाऊक आहे."

"जेवायला बसलो होतो. उठलो नाय."

सुंबुलने खाडीकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज सरळ होता. "आता होडी नाही," ती म्हणाली. "उद्या पलीकडे जायचं तर मलाही तीन कोस चालावं लागेल. वाट तुम्हाला ठाऊक आहे. सोबत याल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं वरच्या उतारापर्यंत चालत गेली. वाटेत काय बोलली ते कुणाला माहीत नाही. दिवाळीनंतर वरच्या पाड्याने लाकूड दिलं आणि खालच्या पाड्याने नवी होडी बांधली. तिच्यात पहिल्यांदा हिरोजी पाटील बसला.

सुंबुल पुढे खूप वर्षं जगली. असं म्हणतात की बांधात पुरलेल्या होडीच्या फळ्यांना मुळं फुटली, आणि म्हणूनच त्या जागी तिवरांची एवढी दाट रांग आहे. तिची कबर बांधाच्या टोकाला आहे. पण खालच्या पाड्यातले जुने कोळी सांगतात की ती त्या कबरीत नाहीच. एका उधाणाला ती होडीत बसली आणि पश्चिमेला, नानीच्या मुलखाकडे वल्हवत गेली. समुद्र तिच्यापुढे सपाट होत गेला, असं म्हणतात.

आता आंबेखारला पूल आहे. सरकारने दगड-सिमेंटचा बांध घातला आहे, त्याला मातीची गरज उरलेली नाही. तरी भादव्याच्या अमावास्येला, भर दुपारी, दोन्ही पाडे बांधावर जमतात. त्या दिवसाला सुंबुलची टोपली म्हणतात. मातीने भरलेली टोपली एकट्याने उचलायची नाही, आणि ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याबरोबरच उचलायची, हा रिवाज आहे. माफी मागा, गळ्यात पडा, असं कुणी सांगत नाही. फक्त दुसरी कड धरायची आणि सुंबुलच्या कबरीपर्यंत चालायचं. ओली माती जड असते, आणि बांध लांब आहे.

गेल्या साली वरच्या पाड्यातल्या दोन जावा आल्या होत्या. एका विहिरीवर पाणी भरत, पण सात वर्षं बोलत नव्हत्या. अर्धा बांध त्यांनी तसाच, माना फिरवून पार केला. मग थोरलीचा पाय घसरला आणि टोपली कलली.

"हळू," धाकटी म्हणाली. "माझ्याकडं दे भार."