कोंडाबाईचा हात

गावात नळ नव्हता, हापसा नव्हता, फार काय, तुमच्या आजीच्या आजीचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. उंबरडोह नावाचं एक गाव होतं. गाव टेकाडावर आणि पाणी खाली नदीच्या डोहात. मधे अशी उभी चढण, की शेळीसुद्धा अर्ध्यात थांबून दम खायची. त्या चढणीनं गावातल्या बाया रोज पाणी वाहायच्या.

आता पाणी भरणं सोपं असतं बरं का. घागर बुडवली की भरते. चढणही चढता येते. एकदा डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घागर नीट बसली की पाय आपले आपण चालतात. अवघड असतं ते मधलं. भरलेली घागर जमिनीवरून उचलून डोक्यावर ठेवणं. एकटीनं करायला गेलं तर कंबर धरते, नाहीतर अर्धं पाणी अंगावर सांडतं. तिथं दुसरीचा हात लागतोच. म्हणून डोहावर सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते एवढंच, "हात लाव गं जरा."

या गावात कोंडाबाई राहायची. ती कुणी संतबिंत होती असं समजू नका. तिच्या जिभेला हाड नव्हतं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय तिचं तोंड उघडायचं नाही आणि एकदा उघडलं की दिवस मावळेपर्यंत मिटायचं नाही. ताकाला गेलेल्या शेजारणीला ती असं ताक द्यायची, की त्यात म्हशीपेक्षा नदीचाच वाटा मोठा. पण एक सवय तिला होती. आधी दुसरीची घागर, मग आपली.

आपली घागर भरून ती बाजूला ठेवायची आणि येईल तिला हात लावायची. नुसता हात लावून सोडायची नाही, नाव घेऊन बोलायची. "हां ठकू, जा सांभाळून. कालच्यावानी कालवण करपवू नगंस." ठकू हसत चढायची. कोंडाबाईचा हात लागलेली घागर जड होत नाही, असं म्हणतात. चढणीवर तिचा थेंब सांडत नाही, असंही म्हणतात. मला वाटतं, हसणाऱ्या बाईला ओझं थोडं कमीच लागत असावं.

सगळ्या गेल्या की कोंडाबाई एकटी उरायची. मग तिला हात कोण लावणार? ती घागर घेऊन डोहात उतरायची. गळ्यापर्यंत पाणी आलं की बुडी मारून घागर पाण्यातच डोक्यावर घ्यायची, कारण पाण्यात घागरीला वजन नसतं, आणि तशीच सावकाश चालत काठावर यायची. नखशिखांत भिजलेली, तोंडानं बडबड चालूच. गावात कुणी विचारलं तर म्हणायची, "मला नदी हात लावती."

कोंडाबाईला एकच लेक, धुरपा. कोंडाबाई राहायची खालच्या आळीत. तिनं धुरपाला गावातच, वरच्या आळीत दिली होती. बाया म्हणाल्या, "अगं, लांब द्यावी, चार दिवस माहेरपणाला तरी आली असती." कोंडाबाई म्हणाली, "चार दिवस घेऊन काय करू? हितं रोज डोहावर दिसंल." आणि खरंच, मायलेकी रोज डोहावर भेटायच्या. लेकीच्या घागरीला हात लावता लावता दोन शब्द बोलायच्या. कोंडाबाईचं सगळं सुख त्या दोन शब्दांत होतं.

मग एका बेंदराला गावात भांडण झालं. बैलांच्या मिरवणुकीत मानाचा पहिला बैल कुणाचा, वरच्या आळीचा की खालच्या? बैलांना त्याचं काही नव्हतं, ते आपले कडबा खात उभे होते. पण माणसांची डोकी फुटली. दोन्ही आळ्यांनी आपापल्या पारावर बसून ठरवलं, की आजपासून या आळीच्या माणसानं त्या आळीत पाऊल टाकायचं नाही, बोलायचं नाही आणि डोहावर एका आळीच्या बाईनं दुसऱ्या आळीच्या घागरीला हात लावायचा नाही. ज्यांनी जन्मात एक घागर उचलली नव्हती, त्यांनी हे ठरवलं.

वरच्या आळीत हा नेम सगळ्यात कडक पाळला तो धुरपाच्या सासूनं, सारजाबाईनं. सारजाबाई म्हणजे उभा कोयता. तिचा नवरा त्या भांडणात डोकं फोडून घेऊन आला होता, आणि तिला त्याचा राग होता की अभिमान, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं धुरपाला बजावलं, "डोहावर आई दिसली तर मान खाली घालायची."

धुरपानं मान खाली घातली. कोंडाबाई मात्र रोज विचारायची. वरच्या आळीची एकेक बाई पाण्याशी आली की नाव घेऊन विचारायची, "सोनाई, हात लावू का?" सोनाई बोलायची नाही. "पारू, हात लावू का?" पारू तोंड फिरवायची. मग धुरपा यायची. "धुरपे, हात लावू का गं?" धुरपाचे डोळे भरायचे आणि तिची जाऊ पुढं होऊन तिला हात लावायची.

लेकीला दिवस गेलेत हे कोंडाबाईला कुणी सांगितलं नाही. तिनं ते लेकीच्या चालण्यावरून ओळखलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा दिवसभर गप्प बसली. कितवा महिना, काय खावंसं वाटतंय, पाय सुजतात का, एवढं विचारायचं होतं तिला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काठावर येऊन बसली आणि पुन्हा तेच विचारलं, "हात लावू का गं?" बाया म्हणाल्या, "कोंडाबाई, पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओततीस?" ती म्हणाली, "माझं इचारायचं काम, मी करती."

असे नऊ महिने गेले. चैत्र आला, डोह आटला. गळ्याएवढं पाणी गुडघ्यावर आलं, आता त्यात उतरून घागर डोक्यावर घेता येईना. सगळ्यांना हात लावून झाला की कोंडाबाई आपली घागर अर्धी रिकामी करायची आणि काखेला मारून कशीबशी चढायची.

एके दिवशी भर दुपारी, काठावर ती एकटीच असताना, चढणीवरून एक बाई धडपडत उतरली. बघते तर सारजाबाई. सून आल्यापासून तिनं पाण्याची घागर धरली नव्हती. धाकटी सून माहेरी गेलेली, मुलगा शेजारच्या गावी सुईण आणायला पळालेला, आळीतल्या बाया सकाळीच पाणी नेऊन शेतावर गेलेल्या. सारजाबाईनं घागर भरली. उचलायला गेली, उचलेना. पुन्हा गेली, निम्मं पाणी सांडलं. पुन्हा भरली. आणि कोंडाबाईनं, नऊ महिने विचारलं तसंच, विचारलं, "इहीणबाई, हात लावू का?"

सारजाबाई उभी राहिली. एका बाजूला नवऱ्याचं फुटलेलं डोकं, आळीचा शब्द, स्वतःचा तोरा. दुसऱ्या बाजूला घरात कळा देणारी पोर. मग ती म्हणाली, "लाव. तुझी लेक पहाटेपासनं अडलीया. घरात पाण्याचा टिपूस न्हाई."

कोंडाबाईनं हात लावला. थेंब सांडला नाही. सारजाबाई वळली, थांबली, आणि मागं न बघता म्हणाली, "एक घागर पुरायची न्हाई. तू बी भरून चल."

आता भरली घागर डोक्यावर असलेल्या बाईला वाकता येत नाही. सारजाबाई हात कशी लावणार? आणि डोहात पाणी गुडघ्याएवढं. तरी कोंडाबाई घागर घेऊन सवयीनं पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर एक धनगर मेंढरं चारत होता. त्यानं पाहिलं ते असं, की पाणी गुडघ्याचं कमरेला आलं, कमरेचं गळ्याला आलं, घागर डोक्यावर बसली आणि पाणी पुन्हा खाली गेलं. चैत्रात, निरभ्र आभाळाखाली. खरं-खोटं ती नदी जाणे आणि तो धनगर जाणे. पण कोंडाबाई त्या दिवशी चिंब भिजून गावात आली, हे मात्र सगळ्यांनी बघितलं.

दोघी विहिणी वरच्या आळीत शिरल्या तेव्हा पारावरचे चार पुरुष उठून उभे राहिले. सारजाबाई म्हणाली, "माझ्या डोक्यावरची घागर हिनं चढवलीया. कुणाला उतरवायची असंल तर या फुडं." कुणी पुढं आलं नाही. संध्याकाळी धुरपाला मुलगी झाली. सुईणीनं बाळ धुतलं आणि आधी कोंडाबाईच्या ओंजळीत दिलं. सारजाबाईनंच तसं सांगितलं होतं. कोंडाबाई रडली, आणि रडता रडता म्हणाली, "नाक तेवढं आमच्याकडचं न्हाई." मग सारजाबाईसुद्धा हसली.

पुरुषांचं भांडण त्यानं मिटलं नाही. ते दोन्ही बैल म्हातारे होऊन मरेपर्यंत चाललं. पण डोहावर मात्र दुसऱ्या दिवसापासून कुणाची घागर कुठल्या आळीची, हे कुणी बघितलं नाही. कोंडाबाई खूप वर्षं जगली. शेवटी शेवटी तिच्या हातात ताकद उरली नव्हती, तरी ती काठावर बसायची आणि बाया आपली घागर तिच्यापुढं आणायच्या. ती घागरीच्या काठाला नुसतं बोट लावायची. तेवढ्यानं घागर वर जायची, असं म्हणतात. ती गेली त्या दिवशी उंबरडोहात एकाही घागरीला वजन नव्हतं, असंही म्हणतात.

आता तिथं घरोघरी नळ आहेत. तरी चैत्रात एका दिवशी दोन्ही आळ्यांच्या बाया घागरी घेऊन डोहावर उतरतात. त्याला 'कोंडाबाईचा हात' म्हणतात. नेम एकच, जिच्याशी आपण बोलणं टाकलंय, तिलाच हात लावायला सांगायचं. कुणाला अशी बाई शोधावी लागते, कुणाला चौघी-पाचजणींतून निवडावी लागते. एखाद्या वर्षी तासन् तास कुणीच तोंड उघडत नाही, नुसत्या भरलेल्या घागरी काठावर उन्हात उभ्या असतात. पण उंबरडोहची बाई त्या दिवशी घागर तिथं टाकून घरी जात नाही. कधीतरी एकजण म्हणतेच, "हात लाव गं." दुसरी लावते. पुढं काय बोलायचं ते त्यांना तेव्हा ठाऊक नसतं. चढण मोठी आहे, वर पोचेपर्यंत सुचतं.