ठकूच्या अक्षता

खडकजांब गावाच्या वेशीबाहेर, मारुतीच्या पारासमोर, एक मोकळा माळ आहे. चहूबाजूंनी ज्वारी डोक्याइतकी उभी असते, पण या तुकड्यात कुणी पेरत नाही. जमीन जागोजाग उकरल्यासारखी दिसते आणि मधोमध मुंग्यांचं मोठं वारूळ आहे. आलेल्या पाहुण्यांना हा माळ सटवाजी तात्या दाखवतात. ते पायताण काढून पारावर बसतात आणि मगच ठकूचं नाव घेतात.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. लागोपाठ दुष्काळ पडला होता. ठकूच्या थोरल्या भावाला कुणी मुलगी देईना. शेवटी साटंलोटं ठरलं. त्या घरची मुलगी या घरात सून म्हणून यायची आणि बदल्यात ठकूनं तिच्या भावाची बायको व्हायचं. ठकूचे दुधाचे दातही अजून पडत होते. तिची आई कोंडाबाई आडवी आली. म्हणून मग ती लांबच्या झऱ्यावर पाण्याला गेल्याचं पाहून याच माळावर घाईनं लग्न लावलं. मामानं ठकूला कडेवर घेतलं होतं म्हणे, कारण खाली उभी केली तर ती अंतरपाटाआड पुरती झाकून जायची.

कोंडाबाई परतली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. घागर तिथंच ठेवून ती पारावरच्या पंचांसमोर उभी राहिली.

"माझ्या लेकीला इचारा," ती म्हणाली. "लगीन म्हंजी काय, ते तिनं सांगितलं तर मी गप बसते."

"तिला काय इचारायचं?" थोरला पंच म्हणाला. "एवढ्या बारक्या पोरीचं लावायला नको हुतं, मलाबी कळतंय. पर लागलं आता. पडल्या अक्षता कुणी माघारी उचलल्यात व्हय?"

"मी उचलते."

पंच हसले. थोरल्यानं शेजारचं मापटं तिच्याकडं सरकवलं. "अक्षतांस्नी ह्येच भरून ज्वारी आणली हुती. वरात शीव वलांडायच्या आत काठोकाठ भरून दाव. मोडलं म्हनू लगीन."

त्यानं थट्टा केली होती. कोंडाबाईनं तो निवाडा मानला.

ती माळावर गुडघ्यांवर रांगत सुटली. कुंकवानं लाल झालेला एकेक दाणा तिनं भेगांतून नखांनी काढला. बैलांचे खूर उचलून पाहिले. लोकांच्या पागोट्यांच्या घड्या सोडायला लावल्या. उरलेले दाणे मुंग्यांनी वारुळात नेले होते. तिनं वारुळापुढं पदर पसरला, आणि म्हणे उपाशी मुंग्यांनी नेलेले दाणे माघारी आणून त्या पदरात टाकले.

तरी मापटं मूठभर उणं राहिलं.

तोवर गाडी जुंपली होती. गाडीतून ठकूनं हाक मारली, "आये, काय हुडकतीस?"

"तुज्या अक्षता, बाय."

"त्या मी खाल्ल्या. वटीत पडल्या हुत्या. लई भूक लागली हुती."

कोंडाबाई पाराकडं वळली. "आता सांगा. आपल्याच अक्षता जी पोर खाती, तिचं लगीन लागलं का?"

थोरल्या पंचानं मापट्यात डोकावलं. "भरलं न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं गाडीवाल्याला हात केला.

ठकू पुन्हा माहेरी आली नाही. पोटुशी असताना गेल्याचा निरोप तेवढा आला. त्या वेळीही कोंडाबाई माळच उकरत होती. ती उकरतच राहिली, आणि एका सकाळी तिथंच पालथी पडलेली सापडली.

त्याआधी गावात एक लग्न निघालं होतं. मंगलाष्टकं झाली, पण समोर कोंडाबाई माती चाळत बसलेली. कुणाचा हात उठेना. मुठी मिटून सगळे उभे राहिले. तेव्हा नवरीच पुढं झाली. ती जाणती मुलगी होती. तिनं प्रत्येकाची मूठ आपल्या हातानं उघडली आणि अक्षता आपल्या ओटीत घेतल्या. तेव्हापासून खडकजांबात अक्षता टाकत नाहीत. नवरीनं त्या मागून घ्यायच्या. तिनं घेतल्या नाहीत, तर लग्न लागलं नाही.

परवा कॉलेजच्या एका मुलीनं तात्यांना विचारलं, "आता तर कायदा आहे. असं लग्न आता वैध धरतच नसतील ना?"

"लावणं गुन्हा हाय, पोरी," तात्या म्हणाले. "पर लागलेलं आपोआप रद हुत न्हाई. तिनंच कोर्टात जाऊन मोडून मागायचं. कोर्ट जिल्ह्याला. तिला तिथवर न्यायचं कुणी? ज्यांनी लगीन लावलं त्यांनी?"



आजही गावात नवरीच अक्षता मागून घेते. म्हणून ज्यांना लहान पोर उजवायची असते, ते तिला टेम्पोत घालून दुसऱ्या गावच्या मंगल कार्यालयात नेतात. तिथं अक्षता कुणीही टाकतं. आजही असा टेम्पो माळाजवळून जाताना दिसला, की हातातलं काम टाकून बायका रस्त्याच्या कडेला मुठी मिटून उभ्या राहतात. टेम्पो थांबत नाही. धूळ खाली बसेपर्यंत त्या तशाच उभ्या असतात.