चोवीस फणस दुबईला पोचले त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याची बायको शहाणी होती. शहाणी म्हणजे चौथीत दोनदा बसलेली. ती मी. नवऱ्याचं नाव विचारू नका, आमच्यात घेत नाहीत.

आमच्या बचत गटाच्या बारा बायकांनी चोवीस फणस काढले, दुबईतल्या फळांच्या व्यापारी नाबरांसाठी. पहिलीच ऑर्डर. पिकायच्या आत पोचले तर दरवर्षी घेणार, नाहीतर राम राम. बंदरावर कोणाला पाठवायचं? अध्यक्ष मी, म्हणून गेले आमचे हे. निघताना बजावलं, "शहर आहे. तिथली माणसं करतील तसं करा."

बंदरावर गोदी कामगारांचा संप. माणसं सतरंज्या घालून बसलेली. हेही बसले. तिसऱ्या दिवशी फोन.

"अगो, चहा बरा देतात."

"आणि फणस?"

"तेही बसलेत."

"अहो, तुमच्या मागण्या तरी काय?"

"विचारून सांगतो."

तेवढ्यात नाबरांचा फोन. "काकू, संप लांबणार. आमचं जहाज गुजरातच्या बंदराला वळवलंय. फणस मालगाडीनं तिकडे पाठवा."

मी यांना समजावलं, "जहाजाला कळतं ते तुम्हांला कळत नाही? वाट बंद दिसली की बसून राहायचं नाही. वळसा घालायचा."

"असं आधी सांगायचं."

टेम्पोत फणस घालून हे रेल्वेच्या मालधक्क्याकडे निघाले. धक्का समोर दिसत होता. मध्ये रेल्वेचं फाटक, ते बंद. यांनी टेम्पो वळवायला लावला.

ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, दोन मिनिटांत उघडेल."

हे म्हणाले, "एवढी जहाजं थांबत नाहीत, तू कोण लागून गेलास?"

साठ किलोमीटरचा वळसा झाला. एक घाटही लागला. पोचले तेव्हा मालगाडी गेलेली.

मी कपाळाला हात लावला. "अहो, रेल्वेशी घाई करायची नसते. गाडी आली की उभं राहायचं. निघून गेली की मग पुढं व्हायचं."

"असं आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मालगाडी आली. हे उभे राहिले. हमाल म्हणाला, "चढवू का?" हे म्हणाले, "गाडी जाऊ दे आधी." गाडी गेली. मग हे पुढं झाले. पुढं नुसते रूळ होते.

गटातली शेवंता म्हणाली, "काकी, या खेपेला मी सांगू का त्यांना?" ती बारावी शिकलेली. पण अध्यक्ष मी.

तिसऱ्या दिवशी हमालांनी यांना काही विचारलंच नाही. फणस चढवले, मग यांना चढवलं. असे ते गुजरातेत पोचले. बंदर चालू, जहाज उभं, माल भरायचा लोखंडी डबा उघडा. पण फणसांना वास सुटायला लागला होता. आता चूक नको म्हणून मी रात्रभर विचार केला आणि सकाळी एकेक शब्द तोलून सांगितला.

"फणस जिथं, तिथं तुम्ही. नजरेआड करू नका. आणि एकही फणस वाया जाता कामा नये."

"एवढंच?"

"एवढंच."

मग आठ दिवस फोन नाही. मी बायकांना म्हटलं, "बघा, नीट सांगितलं की नीट करतात."

नवव्या दिवशी नाबरांचा फोन. "काकू, डबा पोचला."

"फणस कसे आहेत?"

"फणस नाहीत. आठळ्या आहेत, पुसून रचून ठेवलेल्या. आणि एक काका आहेत."

"द्या त्यांच्याकडे."

हे आले फोनवर. आवाज जड. "अगो, दुसऱ्याच दिवशी पिकायला लागले. रोज तीन खाल्ले. एकही वाया घालवला नाही."

"अहो, नाबरांना फणस पोचवायचे होते ना?"

"पोचले की. इथला कस्टमचा साहेबही तुझ्यासारखाच. म्हणे, कागदावर चोवीस नि डब्यात एकही नाही. मी म्हटलं, फणस जिथं तिथं मी. मी इथं, म्हणजे फणस इथं. खोटं वाटत असेल तर काट्यावर घाला मला."

"मग?"

"मग काय. घातलं. वजन बरोबर भरलं. शिक्का मारून मला नाबरांच्या ताब्यात दिलं. आता ते विचारतायत, हा फणस कापा की बरका. काय सांगू?"