वक्रतोयेचे एकविसावे वळण

कृतयुगाचा चौथा पाद उतरणीला लागला होता, त्रेतायुगाची चाहूल अजून कुणाला लागली नव्हती, आणि ऋषी, दानव व मानव एकाच घाटावर पाणी भरत होते, त्या काळी विंध्याद्रीच्या दक्षिण पायथ्याशी वक्रतोया नावाची नदी वाहत असे. जसे नाव तशी चाल. सागराकडे निघालेली ही सरिता वाटेत एकवीस वळणे घेई. कुठे कदंबांच्या राईला वळसा घाली, कुठे एखाद्या आश्रमाच्या पायरीशी येऊन परत फिरे. प्रत्येक वळणावर तिचा वेग मंदावे, गाळ साचे, आणि त्या गाळावर कुणाचे तरी धान्य पिके. सरळ गेली असती तर एका दिवसात सागराला मिळाली असती; पण कुणाचे दार टाळून जाणे तिच्या स्वभावातच नव्हते.

एकविसाव्या वळणावर कुंभकारांची वसती होती. मयासुराच्या शिल्पशाळेत पिढ्यान्पिढ्या घडलेली ही माणसे नदीच्या मातीच्या पातळ फरश्या थापीत, त्या भाजून त्यांवर निळी, पिवळी, शुभ्र झिलई चढवीत, आणि त्यांचे तुकडे कापून भूमीवर चित्रे जडवीत. अशा चित्रभूमीला कुट्टिम म्हणत. मयाने या कुळाला एक वर दिला होता: टांकीचा एकच घाव घालावा आणि फरशी मनात असेल त्या वळणाने कापली जावी. कमळाची पाकळी असो, मोराची मान असो, दुसरा घाव कधी लागत नसे.

त्या वसतीत शकला नावाची शिल्पिणी होती. चाळिशी उलटलेली, बोलण्यात फटकळ, आणि हाताने अशी की देवसभेतून तिला बोलावणी येत. तिचा धाकटा भाऊ घटोदर भट्टी सांभाळी. नावाला जागून तो जेवणातही मागे नसे. बहिणीवर त्याचा फार जीव होता, आणि ऋषिमुनींची त्याला फार भीती होती.

या भीतीला कारण होते. नदीच्या पलीकडच्या तीरावर ऋजुतपा नावाचे महातपस्वी राहत. एका पायावर उभे राहून, दृष्टी एका बिंदूवर खिळवून त्यांनी सहस्र वर्षे तप केले, तेव्हा ब्रह्मदेव हंसावरून उतरले आणि म्हणाले, "वत्सा, वर माग."

"पितामह," ऋजुतपा म्हणाले, "माझा शब्द बाणासारखा सरळ जावा. मी जे उच्चारीन ते तसेच घडावे. त्यात तिळमात्र उणे नको, तिळमात्र अधिक नको."

ब्रह्मदेव हसले. "अधिकही नको? नीट विचार करून सांग."

"अधिकही नको."

"तथास्तु," म्हणून ब्रह्मदेव निघून गेले. ते का हसले, हे विचारण्याचे ऋषींना सुचले नाही. तपाने पुष्कळ काही मिळते, पण समोरचा का हसतो हे कळण्याची बुद्धी मिळतेच असे नाही.

वर मिळाल्यापासून मुनींच्या आश्रमात सर्व काही सरळ झाले. वृक्ष एका रांगेत, शिष्य एका रांगेत. हरणेसुद्धा आखलेली पायवाट सोडून चरत नसत. मध्यभागी होती ती महावेदी, सूत्र धरून बांधलेली, जिच्या कडेत केसाइतकीही वाकण नव्हती. आणि एका वर्षी वक्रतोयेला पूर आला, नेहमीप्रमाणे तिने वळण घेतले, आणि त्या वेदीचा ईशान्य कोपरा पोटात घालून ती पुढे गेली.

ऋजुतपांच्या नेत्रांत अग्नी पेटला. तीरावर उभे राहून ते गर्जले, "हे वाकडे! तुझ्या चालीत मर्यादा नाही, तुझ्या तीरावर शिस्त नाही. आजपासून सरळ वाहा, नाहीतर लुप्त हो!"

नदी पाण्यातून स्त्रीरूपाने वर आली. तिने हात जोडले, पण मान झुकवली नाही. "मुनिवर, सरळ जाणे मला कठीण नाही. पण सरळ गेले तर या एकवीस वळणांवरच्या चुली कुणाच्या पाण्यावर पेटतील? कुणाच्या दारावरून न वळता निघून जाण्यापेक्षा मी नाहीशी होते."

आणि ती नाहीशी झाली. शापाने तिला निवड दिली होती, आणि तिने तिची निवड केली. दुपारपर्यंत पात्रात ओली वाळू उरली, संध्याकाळपर्यंत कोरडी.

वसतीजवळ एक क्षीण झरा उरला, त्यावर सारे गाव तहान भागवू लागले. वृद्ध माणसे ऋजुतपांच्या पायाशी जाऊन रडली. शापाला उःशाप देण्याची रीत असल्यामुळे मुनींनी तोही दिला, पण कसा! किंचित हसून ते म्हणाले, "पुढील विषुवदिनी मध्याह्नी, या कोरड्या पात्रात, तिची एकवीसही वळणे न पुसणाऱ्या रेषेत मला दिसली, तर ती परत येईल. जा, वाळूत रेघा ओढा."

वाळूतली रेघ वारा पुसतो, हे त्यांना ठाऊक होते. लोक माना खाली घालून परतले. विषुवदिनापर्यंत कसेबसे तग धरायचा आणि दुसऱ्या दिवशी वसती मोडून देशोधडीला लागायचे, असे ठरले. शकला मात्र वाटेतच थांबली.

"न पुसणारी रेषा," ती घटोदराला म्हणाली. "अरे, आपण जन्मभर दुसरे केले काय?"

"ताई, ऋषींच्या वाटेला जाऊ नकोस," घटोदर म्हणाला.

"मी कुठे जाते? तेच आपल्या वाटेत येऊन बसलेत."

कोठारात जुन्या मातीच्या भाजलेल्या निळ्या फरश्या होत्या. नव्या करायच्या तर माती मळायला पाणी नव्हते, म्हणून होत्या त्यांतच भागवायचे होते. चुना कालवायलाही पाणी हवे. तेव्हा प्रत्येक घराने आपल्या पिण्याच्या पाण्यातून रोज एक ओंजळ आणून द्यावी असे ठरले. लोक ओठ कोरडे ठेवून ओंजळी आणीत. ते पाणी चुन्यात ओतताना शकलेचा हात अधिकच चपळ चाले. कोरड्या पात्रात, ऋजुतपांच्या आश्रमासमोरच, शंभर हात लांबीचे कुट्टिम आकार घेऊ लागले. कडेला शुभ्र वाळवंट, मध्ये निळा प्रवाह. टांकीचा एक घाव, की फरशीतून वळण निघे. एकोणीस वळणे झाली. विषुवदिनाला नऊ दिवस उरले होते.

मग ऋजुतपांनी ते पाहिले. शिष्यांची रांग मागे घेऊन ते पात्रात उतरले.

"हे काय चालले आहे?"

"आपल्या शब्दाचे पालन," शकला उठून म्हणाली.

"उद्धट स्त्रिये! जिला मी पुसले, तिला तू पुन्हा लिहितेस? शकला म्हणजे तुकडा. तुकड्यांत रमणाऱ्या कुळाला पूर्णत्वाची वाट दाखवणारी सरळ रेषा काय कळणार?"

"सरळ रेषा कळते, मुनिवर. फरशी भट्टीतून सरळच निघते. तिला वळवायला हात लागतो. आपण सहस्र वर्षे एका जागी उभे राहिलात, हे मोठेच. पण त्या सहस्र वर्षांत आपल्या कमंडलूत पाणी कुठून येत होते, हे एकदा तरी मान वळवून पाहिलेत का?"

मुनींनी कमंडलूतले उरलेसुरले जल हातात घेतले. "मयाचा वर घेऊन माजलात! ऐक. आजपासून तुझा आणि तुझ्या कुळाचा, हत्यार कोणतेही असो, प्रत्येक घाव सरळच जाईल!"

शब्द सुटला. शकलेने तिथल्या तिथे एक फरशी घेतली, वळणाची खूण केली आणि टांकी मारली. खूण एकीकडे राहिली. फरशी मधोमध, सरळ दुभंगली. दुसरी घेतली, तीही तशीच. त्या दिवशी तिने अकरा फरश्या फोडल्या. हात तिचाच होता, पण तिचे ऐकत नव्हता. दोन वळणे उरली होती, आणि त्यांना जेमतेम पुरतील एवढ्याच अखंड फरश्या.

दोन दिवस ती तुकड्यांच्या ढिगापुढे बसून राहिली. ती रडली, हे लपवण्याचे कारण नाही. तीन कुळे तर विषुवदिनाचीही वाट न पाहता गाडे भरून निघून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी घटोदर भाकरी घेऊन तिच्याजवळ आला. तिने खाल्ली नाही. तेव्हा काळजीने व्याकूळ झालेला तो सज्जन मनुष्य तिच्यासमोर बसून स्वतःच ती खाऊ लागला. दुःखात त्याला भूक अधिक लागे.

"ताई, सोडून दे," भाकरीचा लचका तोडत तो म्हणाला. "शापापुढे कुणाचे चालले आहे?"

शकला त्याच्या हातातल्या भाकरीकडे पाहत राहिली. मग तिने ती ओढूनच घेतली.

"घटोदरा, तुझे दात वाकडे आहेत का?"

"नाहीत! कोण म्हणाले?"

"मग ही कड गोल कशी?"

तिने बोटाने दाखवले. लचक्याच्या कडेला एकेका दाताची आखूड, सरळ खूण होती. एक खूण, तिच्या शेजारी किंचित कललेली दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. आणि सगळ्या मिळून कड गोल झाली होती. शकला ताडकन उठली. भट्टीतून निखारे काढायचा लोखंडी चिमटा घेऊन तिने त्याची टोके दगडावर घासली, धार आणली, आणि फरशीचा तुकडा त्यात धरून कोपऱ्याचा तांदळाएवढा कण तोडला. घाव सरळ गेला. तिने तुकडा किंचित फिरवून दुसरा कण तोडला. तोही सरळ. मग तिसरा, मग चौथा. शंभर कण उडाल्यावर तिच्या तळहातावर चंद्रकोर होती.

"अरे, हे तर उंदराचे कुरतडणे!" घटोदर म्हणाला.

"कुरतडणेच. फुटक्या तुकड्यांनाही चालते. आण ते सगळे इकडे."

सहा दिवस चिमटा कट्‌कट् वाजत राहिला. जिथे एक घाव पुरत असे, तिथे दोनशे घाव लागू लागले. शकलेच्या बोटांची सालटी गेली, तेव्हा वसतीतल्या बायका चिमटे घेऊन बसल्या. शाप साऱ्या कुळाला होता, म्हणून युक्तीही साऱ्या कुळाला आली. विसावे वळण पुरे झाले. एकविसाव्याला चुना संपत आला; तुकडे तळाच्या थरावर बसले, पण त्यांमधल्या सांध्यांत भरायला काही उरले नाही. शेवटचा तुकडा बसला तेव्हा विषुवदिनाचा सूर्य माथ्यावर यायला दोन घटका होत्या.

ऋजुतपा आले. एकवीस वळणे पाहून त्यांचा चेहरा काळवंडला. "हे कपट आहे! माझा शब्द मोडून ही वळणे निघालीच कशी?"

"आपला शब्द मोडणे कुणाला शक्य आहे?" शकला म्हणाली. "दर्भाची काडी घ्या आणि एकेक घाव तपासा. एक जरी वाकडा निघाला, तर हे कुट्टिम मी स्वतः फोडीन."

मुनींनी दर्भाची ताठ काडी घेतली आणि एकविसाव्या वळणाच्या आरंभी ते ओणवे झाले. प्रवाहाच्या कडेला काडी लावीत एकेक पाऊल पुढे सरकू लागले.

"हा घाव सरळ आहे?" शकलेने विचारले.

"सरळ आहे."

"हा?"

"हाही."

ऊन चढत होते, तीरावर सारी वसती श्वास धरून उभी होती. काडी प्रत्येक घावाला तंतोतंत बसत होती. "सरळ... सरळ... सरळ," मुनी म्हणत होते, आणि त्यांचा आवाज खाली येत होता. शेवटच्या तुकड्याशी पोहोचून ते उठले.

"प्रत्येक घाव सरळ आहे," ते म्हणाले.

"आता आपले तोंड कुठे आहे, तेवढे पाहा."

ऋजुतपांनी मान वर केली. आश्रमाकडे पाठ करून ते निघाले होते. आता आश्रम त्यांच्या समोर होता. सरळ रेषेशिवाय कशावरही पाऊल न ठेवता ते वळणाला पूर्ण वळसा घालून आले होते. त्यांनी पुन्हा खाली वाकून पाहिले.

"पण या तुकड्यांत फटी आहेत," ते म्हणाले. "ही रेषा अखंड नाही!"

"न पुसणारी म्हणालात आपण. अखंड म्हणाला नाहीत."

ब्रह्मदेव का हसले होते, ते मुनींना त्या क्षणी कळले. तिळमात्र अधिक नको, हे त्यांनी स्वतःच मागून घेतले होते. सूर्य माथ्यावर आला. एकविसाव्या वळणाच्या त्या रित्या फटींतून पाणी झिरपू लागले. आधी ओल, मग धार, मग सारे कुट्टिम पाण्याखाली गेले आणि वक्रतोया आपल्या जुन्या वाटेने, जुन्या डौलाने वाहू लागली. बायका पाण्यात उतरून एकमेकींना मिठ्या मारू लागल्या. घटोदर गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून ओक्साबोक्शी रडत होता.

ऋजुतपा पराभव कबूल करण्याइतके मोठे होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते म्हणाले, "शकले, मी चुकलो. या शापालाही उःशाप देतो. एका घावात वळण काढण्याचा मयाचा वर तुझ्या कुळाला परत मिळेल. फक्त माग."

"नको," शकला म्हणाली.

"नको?"

"आज आपल्या कृपेने वर परत घेतला, तर उद्या लोक म्हणतील की नदी ऋषीच्या कृपेने वळली. ती दोनशे दोनशे घावांनी वळली आहे, आणि गावाने ओठ कोरडे ठेवून आणलेल्या ओंजळींनी वळली आहे. शाप राहू दे. माझ्या लेकीबाळी कुरतडून खातील."

म्हणून तो शाप अजून उतरलेला नाही. वळणदार तुकडा एका घावात काढू पाहणाऱ्याची फरशी आजही सरळ दुभंगते. कारागिराला चिमट्यानेच कण कण तोडत वळण काढावे लागते. आणि तुकड्या-तुकड्यांमध्ये तो जी बारीक फट सोडतो, तिला त्या कुळात नदीची वाट म्हणतात.

पुढच्या वर्षी वक्रतोयेला पूर आला आणि वळण घेताना तिने महावेदीचा तोच ईशान्य कोपरा पुन्हा नेला. शिष्य धावत आले, कमंडलू घेऊन आले. ऋजुतपांनी तो बाजूला ठेवायला सांगितला, आणि वेदी दोन हात मागे घेऊन बांधली.